स्टालिनग्राड, इस्लामपूर आणि वाटेगाव : अण्णा भाऊ साठे यांची साम्राज्यविरोधी जाणीव

१९४२ च्या सप्टेंबर महिन्यात व्होल्गा नदीच्या काठावरील स्टालिनग्राड या शहरात जर्मन सैन्य शिरले आणि कारखान्याकारखान्यांतून, घराघरांतून लढाई सुरू झाली. त्याच महिन्याच्या ९ तारखेला सातारा जिल्ह्यातील वडूज येथे आणि १० तारखेला इस्लामपूर येथे सरकारी कचेरीवर निघालेल्या निःशस्त्र मोर्च्यांवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे ठाणे. याच तालुक्यातील वाटेगाव या गावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ, त्या वेळी बावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या कामगारवस्तीत राहून कम्युनिस्ट पक्षाचे काम करीत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्या रचनेने त्यांचे नाव त्या वस्तीच्या बाहेर सर्वदूर पोहोचले, ती इस्लामपूरची नव्हती. ती स्टालिनग्राडची होती.

अण्णा भाऊंच्या वाङ्मयाचा विचार करताना या वस्तुस्थितीकडे समीक्षेने दोन प्रकारे पाहिले आहे. एका पक्षाने 'स्टालिनग्राडचा पोवाडा' ही पक्षाच्या आदेशानुसार झालेली प्रचारकी रचना मानून ती बाजूला ठेवली आणि 'फकिरा'सारख्या कादंबरीलाच त्यांची खरी निर्मिती मानले. दुसऱ्या पक्षाने वाटेगावच्या मातीतला शाहीर थेट जगाच्या रणांगणावर पोहोचला, याचेच कौतुक केले आणि तेथेच तो थांबला. पहिल्या पक्षाने 'प्रचारकी' हा शब्द इतका सैलपणे वापरला आहे की शिवकालापासूनचा सगळा पोवाडा त्या शब्दाखाली सहज बसावा. दुसऱ्याने कौतुकाच्या भरात एक अवघड प्रश्न टाळला. आपल्याच तालुक्यात साम्राज्यसत्तेशी झुंज चालू असताना शाहिराला हजारो मैलांवरचे रणांगण अधिक जवळचे का वाटावे? आणि जवळचे वाटले, तर त्यात त्याच्या साम्राज्यविरोधाचे काय होते? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. युक्रेन आणि गाझा येथील युद्धांविषयी भूमिका घेताना भारतातील सुशिक्षितांची जी ओढाताण होते, तिचे मूळ रूप या प्रश्नात पाहावयास मिळते.

पोवाड्याच्या घाटापासून आरंभ करणे सोयीचे होईल. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा या रचनाप्रकाराच्या आदर्श रचना मानल्या जातात. त्यांत एक गड किंवा एक रणभूमी असते, एक नायक असतो, एक शत्रू असतो. सरदारांची नावे, शस्त्रांची वर्णने, चालून येणाऱ्या फौजेचा आकडा यांची भरगच्च यादी येते. मुख्य शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी 'जी जी' म्हणून ती उचलावी, अशी ही दोन आवाजांची रचना असते. श्रोत्याला घटना कळविणे हा पोवाड्याचा एकमेव हेतू नसतो. बहुधा ती त्याला आधीच ठाऊक असते. तिच्यात त्याला उभे करणे हा खरा हेतू असतो. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला, तेव्हा या घाटाची एक मोठी शक्यता सिद्ध झाली. नायक तोच राहिला, पण तो कोणाचा हा प्रश्न नव्याने उभा राहिला आणि श्रोतृवर्ग बदलताच इतिहासाचा अर्थही बदलला. अण्णा भाऊ या दुसऱ्या परंपरेचे वारस आहेत. आपल्या वगांतून त्यांनी पारंपरिक गणातील गणेशाला वंदन करण्याचा प्रघात मोडला आणि त्या जागी मायभूमीला व तिच्यासाठी झटलेल्यांना वंदन आणले. या बदलाची दखल अनेकांनी घेतली आहे. पोवाड्याच्या रणभूमीचे त्यांनी जे केले, त्याची मात्र तितकीशी घेतली गेलेली नाही.

स्टालिनग्राड हे गिरण्या-कारखान्यांचे शहर होते. ट्रॅक्टरचा कारखाना, 'लाल ऑक्टोबर' हा पोलादाचा कारखाना आणि 'बॅरिकेड्स' हा तोफांचा कारखाना ही त्या लढाईतील प्रमुख ठाणी होती, आणि आरंभीच्या दिवसांत तेथील कामगारही शस्त्रे घेऊन उभे राहिले होते. मुंबईत पोवाडा ऐकणारा श्रोता परळ-लालबागच्या गिरण्यांत पाळ्या करणारा होता. त्याच्या आजोबांच्या पोवाड्यात जो किल्ला होता, त्याच्या जागी आता कारखाना आला. कडा चढून जाणाऱ्या मावळ्याची जागा यंत्र सोडून बंदूक उचलणाऱ्या कामगाराने घेतली. हा बदल श्रोत्याच्या कानाला परका वाटला नाही, कारण बाकीची सारी सामग्री ओळखीची होती : तोच डफ, तेच तुणतुणे, तीच चढत जाणारी लय आणि झीलकऱ्यांचा तोच प्रतिसाद. स्वतः शाहिराची अक्षरओळखही दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रके वाचून झाली, असे सांगितले जाते. त्यांनी रशिया पाहिलेला नव्हता. तरी सिंहगड न पाहिलेल्या श्रोत्यालाही सिंहगड दाखविणे हे पोवाड्याचे जुने काम आहे, आणि या न्यायाने स्टालिनग्राड सिंहगडाहून फारसे दूर नव्हते. जगाचा नकाशा निरक्षर माणसाच्या हाती देण्याचे जे काम त्या काळी वर्तमानपत्रे करू शकली नाहीत, ते या घाटाने केले. ही वाङ्मयीन सिद्धी आहे. तिला केवळ प्रचाराचे यश म्हणून मोडीत काढता येणार नाही.

परंतु या घाटाची मर्यादाही येथेच आहे. पोवाड्याला एकच शत्रू लागतो. अफझलखान चालून येत असताना आदिलशाही आणि मोगल यांच्या परस्परसंबंधांची चर्चा करण्यास शाहिराला अवकाश नसतो. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि त्याच वर्षअखेरीस भारतीय कम्युनिस्ट पक्षाने या युद्धाला 'लोकयुद्ध' म्हणावयाचे ठरविले. तोवर हेच युद्ध पक्षाच्या लेखी साम्राज्यवाद्यांचे आपसांतील युद्ध होते. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने पक्षावरील बंदी उठविली. पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. सोव्हिएत संघ वाचला पाहिजे, आणि त्याचा दोस्त असलेले साम्राज्य मात्र गेले पाहिजे, या दोन इच्छा एकाच वेळी मनात बाळगणे अशक्य नव्हते. अनेकांच्या मनांत त्या होत्याही. मात्र पोवाड्याचा एकमुखी घाट आणि पक्षाचा तत्कालीन निर्णय या दोहोंनी मिळून त्यांपैकी एका इच्छेला आवाज दिला आणि दुसरीला थांबावयास सांगितले.

ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. १९४३ पासून वाळवे, तासगाव आणि आसपासच्या तालुक्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार उभे राहिले. त्याने न्यायनिवाडे केले, गावगुंड आणि सावकार यांना शिक्षा दिल्या. जी. डी. लाड यांच्या तुफान सेनेने सरकारी पैसा नेणाऱ्या गाड्यांवर आणि खजिन्यांवर छापे घातले. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे आगगाडी अडवून तो लुटण्यात आला. युरोपात साम्राज्य फासिस्टांशी लढत होते, तर सातारा जिल्ह्यात तेच साम्राज्य खेड्यापाड्यांतून झडत्या घेत होते. एकाच सत्तेची ही दोन रूपे एका दृष्टिक्षेपात धरणे हे त्या क्षणी शाहिरीला साधले नाही. त्याचा दोष एकट्या अण्णा भाऊंच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. त्या काळातील मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही ते साधले नव्हते. आणि इतिहासाचा एक विलक्षण भाग असा की, प्रतिसरकारचे नेते नाना पाटील हेच पुढे कम्युनिस्ट पक्षात आले आणि १९५७ व १९६७ साली लोकसभेवर निवडून गेले. १९४२ साली तुटलेले दोन धागे अशा रीतीने राजकारणात पुन्हा जुळले. वाङ्मयात ते कोठे जुळले, हे पाहावयाचे आहे.

त्याची पहिली खूण 'बंगालची हाक' या रचनेत आढळते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. हे मरण शत्रूच्या तोफांनी आलेले नव्हते. ते दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढणाऱ्या एका साम्राज्याच्या राज्यात, त्याच्या युद्धकालीन धोरणाच्या सावलीत आले होते. स्टालिनग्राडच्या विजयाचे वर्ष आणि बंगालच्या दुष्काळाचे वर्ष एकच आहे. हे दोन विषय एकाच शाहिराच्या डफावर पाठोपाठ येतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात दोस्त आणि शत्रू यांची सरळ रेघ डळमळल्यावाचून राहत नाही. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाने मोठमोठ्या जनसमुदायांपुढे कार्यक्रम केले. त्यांचा इतिहास लिहिताना विषयांच्या या शेजाराकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे. बर्लिनच्या आणि चिनी मुक्तिसेनेच्या रचना तुलनेने एकसुरी आहेत. विजय ठरलेला असला की पोवाड्यातील ताण ओसरतो.

हा प्रश्न केवळ मराठी शाहिरीपुरता मर्यादित नाही. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील कन्नड लावणी आणि गीगी पद हे गायनप्रकार पोवाड्याचे सख्खे शेजारी आहेत. तेथेही डफ आणि तुणतुणे आहे, आणि मराठी झीलकऱ्याच्या 'जी जी' ला तिकडचे 'गीगी' उत्तर देते. कित्तूरच्या पाडावानंतर कंपनी सरकारविरुद्ध उठलेल्या, कचेऱ्या जाळणाऱ्या व खजिने लुटणाऱ्या आणि २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे फाशी दिल्या गेलेल्या संगोळ्ळी रायण्णावर कन्नडमध्ये लावण्या झाल्या. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाविरुद्ध उठलेल्या हलगलीच्या बेडरांवरही झाल्या. त्या गोळा करून 'इंडियन अँटिक्वरी'त छापल्या जॉन फेथफुल फ्लीट या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने. मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ साली शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह सिद्ध करणारे हॅरी ॲक्वर्थ हेही त्याच इलाख्याच्या सेवेतील इंग्रज अधिकारी होते. ज्या सत्तेने बंड मोडले तिच्याच अधिकाऱ्यांनी बंडाची गाणी जपून ठेवावीत, यात विद्वत्तेची निष्ठा होती हे मान्य केलेच पाहिजे. पण बंड पुरते निमाल्याखेरीज त्याच्या गाण्याविषयी अशी निर्धास्त आस्था वाटत नाही, हेही तितकेच खरे.

या गाण्यांतील नायकांचे पुढे काय होते, हे बेंगळूर शहरात स्पष्ट दिसते. २०१६ पासून तेथील मुख्य रेल्वेस्थानक क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाच्या नावाने ओळखले जाते आणि स्थानकाजवळ त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. मुंबईहून रेल्वेने जाणारा मराठी प्रवासी याच नावाच्या पाटीखाली उतरतो. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरातील सदाशिवनगर भागातील शिवाजीमहाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकण्यात आली आणि बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. परकीय सत्तेविरुद्धच्या दोन गाणपरंपरांचे दोन नायक सीमावादातील दोन पक्षांचे ध्वज झाले. गाण्यात ते कोणाविरुद्ध लढले याला महत्त्व होते. दगडात आणि ब्राँझमध्ये ते कोणाचे आहेत, एवढेच उरले. अण्णा भाऊंचीही या बदलातून सुटका नाही. 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीत गिरणगावातील स्थलांतरिताचा विरह आणि बेळगाव-कारवारसह महाराष्ट्राची मागणी एकजीव झालेली आहे. आज ती गायली जाते तेव्हा यांतील कोणता स्वर ऐकू यावा, हे गाणाऱ्याच्या हेतूवर ठरते.

बेंगळूरच्या बाबतीत आणखी एक तपशील येथे नोंदविण्यासारखा आहे. ज्या मध्यवर्ती तुरुंगात जून १९७५ मध्ये अटक झालेल्या मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवानी यांना ठेवण्यात आले होते, त्या तुरुंगाच्या जागेवर 'फ्रीडम पार्क' नावाचे उद्यान झाले आणि २०२१ च्या पोलीस आदेशाने शहरातील निदर्शने तेवढ्याच आवारात करण्याचे बंधन आले. जगातील कोणत्याही युद्धाविषयी बोलावयाचे असले तरी जागा तीच. शाहिरीचे मैदान ही कधीच नेमून दिलेली जागा नव्हती. गिरणीचा दरवाजा, चाळीचे अंगण, बाजाराचा दिवस जेथे असेल तेथे ते उभे राहत असे. स्थळ हा पोवाड्याच्या अर्थाचा भाग आहे, ही बाब मुद्रित पोवाडे वाचणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून सहज निसटते.

आता 'फकिरा'कडे वळता येईल. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या, वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभलेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीत साम्राज्य दुरून येत नाही. ते गावातच असते आणि हजेरीच्या रूपाने असते. १८७१ साली प्रथम झालेला आणि १९११ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येईल असा केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा कागदावर होता. मांगवाड्यात तो रोज, ठराविक वेळी, नावाने हाक मारून प्रत्यक्षात येत असे. माणसाने काही केले आहे म्हणून नव्हे, तर तो अमुक जातीत जन्मला आहे म्हणून त्याने आपण गावात असल्याचे सिद्ध करीत राहावयाचे! स्टालिनग्राडच्या पोवाड्यात शत्रूला चेहरा आहे, सैन्य आहे, सेनापती आहे. हजेरीला यांतील काहीच नाही. हजेरीचे पुस्तक सरकारचे आणि नाव पुकारणारा आवाज गावातला. साम्राज्यसत्ता आणि जातिव्यवस्था यांची ही भागीदारी मराठी कादंबरीत इतक्या थेटपणे क्वचितच आलेली आहे.

या कादंबरीतील माणसांची मांडणी पाहिली म्हणजे अण्णा भाऊंच्या जाणिवेत केवढा पालट झाला होता, हे कळते. जोगणी आपल्या गावी आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो, तो परक्या साहेबाच्या हातून नव्हे. शेजारच्या गावच्या खोताच्या हातून. तोच खोत पुढे फकिराच्या तावडीत सापडतो, तेव्हा फकिरा त्याचा हात तोडतो, प्राण घेत नाही. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मांग-महारांना, वाटेल ते करा पण जगा, असे सांगणारा विष्णुपंत कुलकर्णी हा ब्राह्मण आहे आणि गावगाड्याच्या वरच्या पायरीवरचा आहे. त्याचा आधार खरा आहे, पण तो अखेर अपुरा पडतो. फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो, आणि शेवटी आपल्या माणसांना ओलीस धरले गेल्यावर त्यांच्या सुटकेसाठी स्वतःहून स्वाधीन होतो. पोवाड्यातील नायक मैदान मारतो. कादंबरीतील नायकापुढे मात्र असा प्रश्न उभा केला जातो की, त्याचे शौर्यच त्याच्या माणसांच्या मुळावर यावे. सत्तेचे हे तंत्र, म्हणजे लढणाऱ्याला न पकडता त्याच्या आप्तांना, वस्तीला, उपाशी मुलांना पकडणे, वाळवे तालुक्यापुरते राहिलेले नाही. गाझाच्या बातम्या ऐकणाऱ्या वाचकाला ते परके वाटणार नाही.

शैलीच्या दृष्टीने 'फकिरा'त दोष पुष्कळ आहेत. निवेदन जागोजागी भडक होते. संवाद कधी नाटकी होतात. चांगली माणसे फार चांगली असतात. तथापि पोवाड्याची ऊर्जा गद्यात आणताना लेखकाने त्या घाटाची एकशत्रू-रचना मोडली, हे या दोषांपेक्षा महत्त्वाचे आहे. इस्लामपूर आणि स्टालिनग्राड यांत १९४२ साली जी निवड करावी लागली होती, तिचे उत्तर सतरा वर्षांनी अशा प्रकारे आले. १९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनप्रसंगी श्रमिक आणि दलित हे दोन शब्द एकत्र आणणारे त्यांचे भाषण या पालटाच्या अगदी जवळ उभे आहे. कन्नडमध्ये हेच वळण दोन दशकांनी दिसते. धर्मस्थळ येथील अखिल भारतीय संमेलनात दलित साहित्याच्या स्वतंत्र चर्चेला जागा नाकारण्यात आली. तेव्हा १९७९ च्या मार्चमध्ये बेंगळूरात बंडाय साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीच्या लेखकांनीही वर्गसंघर्ष आणि जातिसंघर्ष यांना वेगळे मानण्याचे नाकारले.

१९६१ साली अण्णा भाऊ सोव्हिएत संघात जाऊन आले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्या प्रवासाचे वर्णन मराठी प्रवासवर्णनांत वेगळे उठून दिसते, कारण त्यात पाहुण्याचे कुतूहल आहे आणि त्याहूनही अधिक, फुटपाथवर झोपणाऱ्यांचे शहर पाहून आलेल्या माणसाची तुलनादृष्टी आहे. तो काय पाहतो हे त्याने मागे काय सोडले त्यावरून ठरते. काम, घर, शाळा, दवाखाना या गोष्टींचे त्याला वाटणारे अप्रूप भाबडे म्हणून हसण्यावारी नेणे ज्यांना सोपे जाते, त्यांनी या गोष्टी कधी गमावलेल्या नसतात. परंतु त्याला जे दाखविण्यात आले नाही, तेही आजच्या वाचकाला ठाऊक आहे. स्टालिनग्राडच्या आघाडीवर वार्ताहर म्हणून राहिलेल्या, युक्रेनमधील बेर्दिचिव येथे जन्मलेल्या आणि १९४१ साली नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात आई गमावलेल्या वासिली ग्रोसमन यांनी त्याच लढाईवर एक विशाल कादंबरी लिहिली होती. तिचे हस्तलिखित सोव्हिएत गुप्तचरांनी जप्त केले ते १९६१ च्याच फेब्रुवारीत. 'जीवन आणि नियती' ही ती कादंबरी १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८८ साली लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली गेली. ग्रोसमन यांनीही स्टालिनग्राडच्या सैनिकांचे शौर्य कमी लेखले नाही. ते शौर्य ज्या राज्यसत्तेने स्वतःच्या नावावर जमा केले, तिची छावणी आणि शत्रूची छावणी यांतील साम्य त्यांनी पाहिले, हा त्यांचा अपराध. वाटेगावचा शाहीर आणि बेर्दिचिवचा वार्ताहर यांची पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा उपक्रम मराठी विभागांत अजून व्हावयाचा आहे. वस्तुतः दोघांनाही एकच गोष्ट पटली होती : ते शहर सामान्य माणसांनी वाचविले.

त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड झाले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ज्या लाल सेनेने स्टालिनग्राड राखले, तिच्यात युक्रेनी सैनिक मोठ्या संख्येने होते. तरी २ फेब्रुवारी २०२३ रोजी, विजयाच्या ऐंशिव्या वर्षदिनी, व्होल्गोग्राडमध्ये बोलताना रशियाच्या अध्यक्षांनी चालू युद्धाचा संबंध त्या लढाईशी जोडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या शहराच्या विमानतळाला पुन्हा स्टालिनग्राडचे नाव देण्यात आले. आक्रमण परतविणाऱ्यांचे नाव आक्रमण करणाऱ्यांच्या कामी आले. या प्रसंगी जगभरच्या साम्राज्यविरोधी मंडळींत दोन सवयी दिसून आल्या. नाटोच्या विस्ताराकडे बोट दाखवून आक्रमणाविषयी मौन पाळणे ही एक. युक्रेनविषयी बोलताना आंतरराष्ट्रीय कायद्याचा उच्चार करावयाचा आणि गाझाची वेळ आली की तो विसरावयाचा, ही दुसरी. दोन्ही सवयी पोवाड्याच्या आहेत. एकच शत्रू, एकच गड, आणि बाकीच्यांनी झील धरावयाची! फरक एवढाच की, १९४३ च्या शाहिराला आपल्या श्रोत्यांकडून डफाच्या थापेवर जाब विचारला जात असे. आजच्या भाष्यकाराला तो क्वचितच विचारला जातो.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील रुदोमिनो परदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री त्यासाठी गेले होते. युक्रेनमधील युद्धाचा तेव्हा सातवा महिना चालू होता. समारंभांत 'स्टालिनग्राडचा पोवाडा' आणि 'माझा रशियाचा प्रवास' यांची आठवण निघावी, हे स्वाभाविकच आहे. हजेरीच्या पुस्तकाची निघत नाही. मात्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली काढलेल्या त्यांच्या निवडक वाङ्मयाची प्रत ज्या ग्रंथालयांत आहे, तेथे तो सारा ऐवज एका पुठ्ठ्याच्या आत बसलेला आहे. शाहिरी थोड्या पानांत आटोपते. फकिराच्या मांगवाड्याला त्याहून पुष्कळ अधिक पाने लागतात.